शर्यतीच्या मोटारीचा ताप उतरविणारा इंजिनिअर

सांगलीत आमच्या कापडाच्या दुकानापासून चार दुकाने सोडून एका मिस्त्रींचे रेडिएटर दुरुस्तीचे दुकान आहे. वडिलांपासून चालत आलेला हा धंदा. त्यांचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि त्याने घरी जाहीर केले की, मला मोटारींच्या शर्यतीत ‘थर्मल परफॉर्मन्स इंजिनिअर’ व्हायचे आहे, त्यासाठी इंग्लंडला जाऊन वर्षभर शिकावे लागेल. मिस्त्री घाबरून माझ्याकडे आले. म्हणाले, “भाई, तुम्ही चार बुकं शिकलेले. ही नोकरी खरोखर असते, का पोराला कोण फसवतंय? मिरज रोडचा प्लॉट विकू का नको?”

मी कापडाचा व्यापारी. शिक्षण उर्दू शाळेत मॅट्रिकपर्यंत. आमच्या शाळेत उष्णतेला ‘हरारत’ म्हणत आणि अंगात कणकण असली तरी ‘हरारत’च म्हणत. मराठीतही ‘ताप’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. तेवढ्या भांडवलावर मी चौकशी सुरू केली. मुलाशी चार वेळा बसलो, त्याची पुस्तके पाहिली, ओळखीच्या प्राध्यापकांना विचारले. जे समजले ते वाचक बंधूंसमोर ठेवतो, कारण असा प्रश्न आज एकाच घरात नाही.

प्रथम हे सांगतो की नोकरी खरी आहे. आणि तिचे मूळ तत्त्व आपल्या गॅरेजवाल्या भावांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

१९९६ साली रमजान ईद फेब्रुवारीत आली होती. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधून ईदचा माल भरून मी टेम्पोने सांगलीला येत होतो. भर दुपारी खंबाटकी घाट चढताना गाडीने वाफ सोडली. मला बाजार गाठायची घाई. ड्रायव्हर नको नको म्हणत असता मी तापल्या रेडिएटरचे झाकण फडक्याने उघडले, हात पोळून घेतला आणि वर तशाच लाल इंजिनात कॅनचे गार पाणी ओतले. हेडला तडा गेला. माल दोन दिवस उशिरा पोचला, ऐन ईदचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले. नंतर याच मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि जाळीपुढून एक तरटाचा तुकडा ओढून काढला. पहाटेच्या थंडीत इंजिन लवकर गरम व्हावे म्हणून ड्रायव्हरने तो बांधला होता, दुपारी सोडायचा राहून गेला. सकाळी जे तरट फायद्याचे, तेच दुपारी नुकसानीचे. थर्मल इंजिनिअरचा सगळा पगार या एका तरटाच्या तुकड्याचा आहे, असे म्हटले तरी चालेल. जाळी किती उघडी ठेवायची आणि किती झाकायची, हे तो ठरवितो.

आता शर्यतीची मोटार घेऊ. फॉर्म्युला वन ही जगातील सर्वांत वरची शर्यत. २०१४ पासून तेथे १.६ लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन आणि जोडीला विजेची मोटर, अशी रचना आहे. २०२५ पर्यंत नियम असा होता की, इंजिनाला तासाला १०० किलोपेक्षा अधिक वेगाने पेट्रोल द्यायचे नाही. या पेट्रोलातील उष्णतेचा हिशेब केला तर ती सुमारे १२०० किलोवॅट भरते. मर्सिडीज कंपनीने २०१७ साली जाहीर केले की चाचणीत आपल्या इंजिनाने पेट्रोलातील निम्म्याहून अधिक शक्ती कामाला लावली. आपल्या साध्या पेट्रोल गाडीत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, म्हणून ही गोष्ट मोठीच. पण निम्मी कामाला लागली तरी निम्मी, म्हणजे ६०० किलोवॅट, नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. घरच्या गॅसच्या तीनशेच्या आसपास शेगड्या एकदम पेटविल्यासारखे हे झाले. त्यातील मोठा भाग सायलेन्सरवाटे जातो. उरलेला पाण्यातून, इंजिन ऑइलमधून, गिअरच्या ऑइलमधून आणि टर्बोने दाबून गरम केलेल्या हवेतून काढावा लागतो. शिवाय बॅटरी आणि विजेच्या भागांना वेगळा गारवा लागतो. २०२६ पासून नियम बदलले आहेत. आता पेट्रोल किलोवर न मोजता त्यातील शक्तीवर मोजतात, इंधन कच्च्या खनिज तेलाचे न वापरता कृत्रिम वा टाकाऊ मालापासून केलेले वापरतात आणि विजेचा वाटा जवळपास निम्म्यावर नेला आहे. म्हणजे इंजिनाचा ताप थोडा उतरला, तर बॅटरीचा चढला.

मोठा रेडिएटर बसवून टाकावा, असे मिस्त्रींचे पहिले मत होते. ट्रकला ते चालते. शर्यतीच्या गाडीत रेडिएटरकडे हवा जाण्यासाठी अंगाला जे तोंड ठेवतात, ते जितके मोठे तितकी हवा गाडीला मागे ओढते. समजा मोठ्या तोंडामुळे एका फेरीला सेकंदाचा दहावा भाग जास्त लागला. साठ फेऱ्यांत ते सहा सेकंद झाले, आणि सहा सेकंदांत पहिला नंबर चौथा होतो. उलट तोंड लहान ठेवले आणि दुपारी ऊन वाढले, तर इंजिन उकळून गाडी बाजूला उभी राहते. थर्मल इंजिनिअरने या दोन नुकसानींच्या मधली जागा शोधायची असते. आम्ही ईदला किती थान भरावेत याचा अंदाज बांधतो, तशातलाच हा अंदाज. फरक इतका की त्याच्याकडे गणित असते आणि चूक झाली तर माल पुढच्या हंगामात खपत नाही.

पाणी उकळण्याचेही गणित आहे. प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, कारण दाब असतो. रेडिएटरचे झाकण हेच काम करते. रस्त्यावरच्या गाडीचे झाकण साधारण एका वातावरणाचा दाब धरते. शर्यतीत त्याहून अधिक दाब ठेवून पाणी अधिक गरम चालवितात. पाणी जितके गरम आणि बाहेरची हवा जितकी गार, तितकी उष्णता चटकन बाहेर पडते, म्हणून लहान रेडिएटरवर भागते. मी खंबाटकीत झाकण उघडले तेव्हा दाब सुटून सगळे पाणी एकदम उकळले होते, हे मला इतक्या वर्षांनी समजले.

उंचीचाही परिणाम आहे. आपल्याकडे महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंच. तेथे हवा समुद्रकाठापेक्षा आठव्या हिश्श्याने विरळ असते. मेक्सिको शहर २२०० मीटरवर आहे, तेथे हवा पाचव्या हिश्श्याने पातळ. तेवढ्याच तोंडातून तेवढ्याच वेगाने हवा गेली तरी ती उष्णता कमी उचलते. म्हणून मेक्सिकोच्या शर्यतीत सर्व संघ गाडीच्या अंगावरील झडपा आणि भोके मोठी करतात. बहारीनमध्ये २००४ पासून, अबुधाबीत २००९ पासून, कतार आणि जेद्दाहमध्ये २०२१ पासून शर्यती भरतात. तेथे हवा जड, पण गरम. आखातात काम केलेल्या आपल्या भावांना त्या हवेबद्दल निराळे सांगायला नको.

या गाडीला पुढे पंखा नसतो, हेही ऐकून मिस्त्रींना आश्चर्य वाटले. धावताना वारा मिळतो, पण उभी राहिली की दोनचार मिनिटांत ताप चढतो. म्हणून शर्यत सुरू होण्यापूर्वी रांगेत उभ्या गाडीच्या तोंडाला पंखे लावतात, त्यात सुका बर्फ घालतात. शर्यतीत दुसऱ्या गाडीच्या मागे चिकटून चालले तर तिची गरम हवा आपल्या रेडिएटरात येते. घाटात ट्रकच्या मागे ट्रक लागला की मागच्याचा काटा चढतो, तसेच. अशा वेळी इंजिनिअर कळवितो आणि ड्रायव्हर सरळ रस्त्यावर थोडा बाजूला होऊन स्वच्छ हवा घेतो, किंवा वळण येण्याआधीच पाय उचलतो.

ब्रेकची कथा आणखी निराळी आहे. तेथील चकत्या लोखंडाच्या नसून कार्बनच्या असतात आणि जोरात ब्रेक मारल्यावर १००० अंशांच्या घरात जातात. या तापमानाला पितळ वितळून वाहू लागते. एका चकतीत हवा खेळण्यासाठी हजाराहून अधिक बारीक भोके असतात. पण हीच चकती गार असली तर धरत नाही, तिला काही शे अंश ताप लागतोच. टायरचेही तसे. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये सूत जादा सुकविले तर मागावर तुटते आणि ओले राहिले तर बुरशी धरते. मधला एक पट्टा असतो, त्यातच सूत राहिले पाहिजे. रबराचा असाच पट्टा असतो. त्यासाठी टायरला विजेवर तापणारी गोधडी गुंडाळतात. अलीकडच्या नियमाप्रमाणे कोरड्या रस्त्याचे टायर ७० अंशांवर दोन तास तापवितात. ही गोधडी शिवणारे कारखाने आहेत आणि तो कापडाचाच धंदा आहे, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

कापडाचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे मला स्वतःचे काही सांगता येते. ड्रायव्हरचा झगा, आतली बनियन, मोजे आणि तोंडावरचा बुरखा हे सर्व ‘अरॅमिड’ जातीच्या धाग्याचे असते. ड्यूपाँट कंपनीचा ‘नोमेक्स’ हा त्यातील प्रसिद्ध. सुती कापड आगीत पेट घेते. टेरीकॉट वितळून कातडीला चिकटते, आणि ते जळण्यापेक्षा वाईट. नोमेक्स वितळत नाही, ठिबकत नाही, आच लागली की कोळशासारखा जाड होतो आणि आतल्या माणसाला काही सेकंद मिळवून देतो. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमां ग्रोजाँ या फ्रेंच ड्रायव्हरची गाडी कठड्यात घुसून पेटली. तो सुमारे २८ सेकंद आगीत होता. हात भाजले, पण चालत बाहेर आला. आपल्याकडे फटाक्याच्या, वेल्डिंगच्या, भट्टीच्या कामावर मुले टेरीकॉटचा शर्ट घालून बसतात. गिऱ्हाईक स्वस्त मागते म्हणून आम्ही तो विकतो. निदान त्या कामाला जाड सुती द्यावे, एवढे मी माझ्या दुकानात सुरू केले आहे.

पण जे कापड बाहेरची आच आत येऊ देत नाही, ते आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत हे दिसून आले. शर्यत रात्रीची होती, तरी ओकॉन या ड्रायव्हरला चालत्या गाडीत हेल्मेटमध्येच उलटी झाली, सार्जंटला अशक्तपणामुळे शर्यत सोडावी लागली, आणखी काहींना घेरी येत होती. यानंतर जागतिक संघटना एफआयएने नियम केला. उकाड्याचा निर्देशांक, म्हणजे तापमान आणि दमटपणा मिळून येणारा आकडा, ३१ अंशांवर जाण्याचा अंदाज असेल तर ‘उष्णतेचा धोका’ जाहीर होतो आणि गाडीत ड्रायव्हरला गार ठेवणारी यंत्रणा बसवावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला प्रथम असा धोका जाहीर झाला. यंत्रणा म्हणजे बारीक नळ्या शिवलेली बनियन, तिच्यातून गार द्रव फिरतो. काही ड्रायव्हरांना त्या नळ्या टोचतात, अंगावर बसत नाहीत. म्हणजे शिंपी आणि इंजिनिअर दोघांनी एकत्र बसावे, असे हे काम आहे. उष्णतेचा हिशेब गाडीपासून माणसापर्यंत आला, तो असा.

या इंजिनिअरचा दिवस कसा जातो? बहुतेक काम कारखान्यात, संगणकावर. हवा कोणत्या वाटेने जाईल, रेडिएटरच्या कोणत्या कोपऱ्यात कमी पोचेल, याचे चित्र आधी संगणकावर काढतात. मग तो भाग बनवून चाचणीच्या बाकावर तापवितात, जागोजाग तापमापक तारा चिकटवून आकडे घेतात. संगणकाचा आणि बाकाचा आकडा जुळला नाही तर का जुळला नाही, हे शोधण्यात आठवडे जातात. शर्यतीच्या गावी शुक्रवारी सराव असतो. तेव्हा गाडीवरील शेकडो सेन्सरांचे आकडे पाहून झडपांचा आकार ठरवायचा. शनिवारी पात्रता फेरी सुरू झाली की गाडी जवळपास कुलूपबंद होते, मनाला येईल तो बदल करता येत नाही. म्हणून रविवारच्या दुपारचे ऊन शुक्रवारीच ओळखावे लागते. २०२४ आणि २०२५ साली एका हंगामात २४ शर्यती झाल्या. जो माणूस संघाबरोबर फिरतो त्याचे निम्मे वर्ष विमानात आणि हॉटेलात जाते.

हे सर्व परदेशातले झाले. आपल्या मुलुखाचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. दक्षिण महाराष्ट्राला इंजिन परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासूनचा. दोघांनीही आधी लोखंडी नांगर बनविले आणि दोघांचीही नावे पुढे इंजिनांशी जोडली गेली. सातारा जिल्ह्यातच फलटणला कमिन्स कंपनीचे मोठे संकुल आहे. शेजारच्या कोल्हापुरात ओतकामाच्या भट्ट्यांबरोबर शर्यतीचा नादही आहे. मोहित्यांची रेसिंग अकादमी आणि छोट्या गाड्यांचा ट्रॅक तेथे आहे. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत धावले. देशपातळीवर पाहिले तर मद्रासचे अकबर इब्राहिम स्वतः शर्यतपटू आणि पुढे मोटार शर्यतींच्या राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष झाले. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन भरले आणि बंद पडले. हैदराबादेत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. त्या मालिकेत महिंद्राचा संघ २०१४ पासून, म्हणजे पहिल्या हंगामापासून आहे. विजेच्या गाडीत इंजिन नसले तरी बॅटरीचा ताप हाच मोठा प्रश्न.

शिकायचे कोठे, तर पाया येथेच आहे. सांगलीचे वालचंद १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, साखराळ्याचे राजारामबापू १९८३ चे. मेकॅनिकलला उष्णतेचा विषय सर्वत्र असतो. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरायच्या बाहा आणि फॉर्म्युला भारत अशा स्पर्धा देशात होतात. मुलाने अशा गाडीचा रेडिएटर स्वतः आखून, बनवून, मोजून दाखविला तर नोकरी देणारा तेच आधी विचारतो, गुणपत्रिका नंतर. पुढे इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स येथे मोटार शर्यतीचे इंजिनिअरिंग शिकवितात. फॉर्म्युला वनचे बहुतेक संघ त्याच देशात आहेत.

खर्चाची बाजू मात्र झाकून ठेवू नये. एका वर्षाची फी आणि राहणे-खाणे धरून तीस-चाळीस लाखांचा हिशेब जातो. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेस’ योजना २०२२-२३ पासून बंद आहे. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते, पण त्याच्या अटी व मर्यादा प्रत्यक्ष जिल्हा कार्यालयात जाऊन पाहाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये. आणि जागा थोड्या आहेत. संघ दहा होते, २०२६ पासून अकरा झाले. २०२१ पासून संघांच्या वार्षिक खर्चावर मर्यादा आली आहे, त्यामुळे माणसे भरतानाही हात आखडतो. परदेशी मुलाला व्हिसाची अट वेगळी. मालाला गिऱ्हाईक अकराच असतील तर कोणता व्यापारी घर गहाण टाकून माल भरतो?

मी मुलाला हेच विचारले. त्याचे उत्तर मला पटले. तो म्हणाला, “चाचा, शर्यत नाही मिळाली तरी उष्णता आहेच की.” पुण्यात टाटा टोयो आणि माहले या रेडिएटर व गारव्याच्या वस्तू बनविणाऱ्या कंपन्या आहेत, मोटारींची चाचणी करणारी एआरएआय संस्था १९६६ पासून आहे. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला थर्मल इंजिनिअर लागतो. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याचे आणि हळदीचे कोल्ड स्टोरेज हे तरी दुसरे काय आहे? तेथे वीजबिल निम्म्याने उतरविणारा माणूस मिळाला तर मालक त्याला खांद्यावर घेईल.

मिस्त्रींच्या स्वतःच्या धंद्याची दशा यात गुंतलेली आहे. तांब्या-पितळेचा रेडिएटर गळला की नवसागर लावून, कथलाचा डाख देऊन तो पुन्हा वीस वर्षे चालायचा. आता बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी येते. तिला डाख बसत नाही, फुटली की फेकायची. दुकानात आता जुने ट्रॅक्टर आणि जनरेटरच अधिक दिसतात. मुलाने या दुकानात बसावे, असे म्हणायला बापाची जीभ रेटत नाही, आणि हुनर वाया जावे असेही वाटत नाही.

मध्यंतरी मी तेथे बसलो असताना एका ट्रॅक्टरचा रेडिएटर आला. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून जाळीच्या वरून खाली तळहात फिरविला आणि म्हणाले, डाव्या बाजूच्या नळ्या गाळाने बंद आहेत. मुलाने तापमापकाने चौकोन पाडून आकडे घेतले, कागदावर मांडले. डावीकडचा तिसरा हिस्सा गार निघाला, म्हणजे तेथून पाणी फिरतच नव्हते. उघडल्यावर तसेच होते. बापाला दहा सेकंद लागले, मुलाला वीस मिनिटे. पण मुलाचा कागद दुसऱ्याला दाखविता येतो, मेलवर पाठविता येतो. तळहात पाठविता येत नाही.

मी मिस्त्रींना सांगितले की, प्लॉट आत्ता विकू नका. मुलाने दोन वर्षे इंजिनाच्या किंवा रेडिएटरच्या चाचणी विभागात नोकरी करावी, हातात अनुभवाचा दाखला यावा, मग अर्ज करावा. तोवर कर्जाची आणि शिष्यवृत्तीची खरी अंगठीतली कागदपत्रे जमवावीत. मुलाला हा उशीर पसंत नव्हता, दोन दिवस बोलला नाही. आता त्याने पुण्याला तीन आणि फलटणला एक अर्ज केला आहे. प्लॉटच्या दलालाला मिस्त्रींनी तूर्त नाही म्हणून कळविले आहे. तो तापमापक मात्र त्यांनी दुकानातच ठेवून घेतला आणि गिऱ्हाइकाला आकडे दाखवून मग दर सांगू लागले आहेत.